माशाचे वावडे आणि चुलीची मर्यादा

कराडास समुद्र नाही, तरी कराडच्या मासळीबाजारात दोन निरनिराळ्या पाण्यांची आवक असते. एक आवक पश्चिमेची: चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर आणि पाटण मागे टाकून बर्फाच्या पेट्यांतून येणारी सुरमई, पापलेट, बांगडा आणि कोळंबी, व त्याच वाटेने येणारे सुके बोंबील, सुकट आणि जवळा. दुसरी आवक घरची: कृष्णा-कोयनेच्या पात्रातील मरळ आणि वाम, आणि धरणांत व तलावांत मत्स्यबीज सोडून वाढविलेले रोहू, कटला, मृगळ आणि ज्याला आपले मच्छीमार त्याच्या शास्त्रीय नावानेच ‘सायप्रिनस’ म्हणून हाक मारतात तो मासा. अशा गावी ‘मला मासा सोसत नाही’ हे वाक्य वरचेवर कानी पडते, आणि ते ऐकताच घरातील वडीलधारी मंडळी दोहोंपैकी एक निकाल देऊन मोकळी होतात: मासा नीट शिजला नसेल, नाही तर उष्ण पडला असेल. दोन्ही निकालांनी रोग्याचे नुकसानच होते. कारण पहिला निकाल खरा मानणारा मनुष्य पुढील वेळी मासा अधिक शिजवून खातो. आणि ज्यास खरे वावडे आहे त्याच्या बाबतीत अधिक शिजविण्याने पडणारा फरक इतका अल्प असतो की, त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे जीवाशी खेळणे होय.

माशाच्या स्नायूत एक लहानसे प्रथिन असते. त्याचे नाव पार्व्हाल्ब्युमिन. माशाचे खरे वावडे असणाऱ्या बहुतांश लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे या एकाच प्रथिनावर चाल करून जातात. त्याची घडण कशी आहे आणि ती कशाने मोडते वा मोडत नाही, हे समजून घेतले म्हणजे स्वयंपाकघरात कोणता बंदोबस्त उपयोगाचा आणि कोणता केवळ समाधानाचा, याचा उलगडा आपोआप होतो. परंतु त्या प्रथिनाकडे वळण्यापूर्वी, ज्या तक्रारी त्याच्या माथी विनाकारण मारल्या जातात त्या बाजूस काढल्या पाहिजेत. एरवी एका मुलास बाधलेल्या शिळ्या बांगड्यापायी साऱ्या घराला मासा जन्मभर वर्ज्य होतो.

बांगडा, तारली, कुपा या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा पकडल्यापासून ताटात येईपर्यंत बर्फाचा पुरवठा कोठे तरी तुटला, पेटी उन्हात राहिली, अथवा गिऱ्हाईक लाभेपर्यंत मासा टोपलीत उघडा पडला, की जंतू त्या हिस्टिडीनचे हिस्टामीन बनवितात. आणि आपल्या शरीरात वावड्याच्या वेळी जे द्रव्य सुटते ते हेच असल्यामुळे लक्षणेही हुबेहूब तशीच उमटतात. तोंड लाल होते, अंगाची आग होते, डोके ठणकते, पुरळ येते, कित्येकांना घास घेतानाच जिभेला तिखट झोंबल्यासारखे वाटते. एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवून, तळून अथवा गोठवून नाहीसे होत नाही. हा प्रकार वावड्याचा नव्हे, विषबाधेचा आहे. आणि तो ओळखण्याची सोपी खूण ही की, त्या ताटावर बसलेल्या एकाहून अधिक माणसांना त्रास होतो, व तोच मनुष्य पंधरा दिवसांनी ताजा बांगडा खातो तेव्हा त्याला काही होत नाही. म्हणून घाटावरच्या गिऱ्हाइकाने बांगडा घेताना कल्ला उघडून पाहावा, पेटीत बर्फ आहे की नुसते गार पाणी आहे हे पाहावे, आणि घरी नेईपर्यंत दोन बाजार आणखी करावयाचे असल्यास मासळी शेवटी घ्यावी.

दुसरी गल्लत कोळंबी, खेकडे आणि जवळा यांची. बोलीत आपण या सर्वांस मासळी म्हणतो खरे, परंतु त्यांच्या वावड्याला कारण होणारे मुख्य प्रथिन निराळे आहे. त्याचे नाव ट्रोपोमायोसिन, आणि पार्व्हाल्ब्युमिनशी त्याचे काही नाते नाही. ज्यास कोळंबी चालत नाही त्यास सुरमई चालू शकते, आणि ज्यास रोहू चालत नाही त्यास कोळंबी चालू शकते. सुक्या मासळीच्या बाबतीत मात्र हा भेद व्यवहारात टिकत नाही, कारण एकाच पोत्याशेजारी दुसरे पोते असते, एकच माप दोहोंत बुडते, आणि जवळ्याच्या ढिगातून बारीक माशांची पिल्ले निवडून काढण्याची उस्तवार कोणी करीत नाही. या दोहोंपैकी कोणतेही वावडे असले तरी सुक्या बाजारापासून दूरच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन्ही गोष्टी वगळून जी तक्रार उरते, म्हणजे मासा ताजा असूनही, एकट्यालाच, प्रत्येक वेळी, खाल्ल्यापासून काही मिनिटांत अथवा फार तर दोनएक तासांत ओठ-जीभ खाजणे, गांधी उठणे, उलटी होणे, घसा आवळणे वा दम लागणे, ती पार्व्हाल्ब्युमिनच्या खात्यावर घालण्यास पुरेसा आधार आहे.

हे प्रथिन माशाच्या देहात काय करते? स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियमच्या इशाऱ्याने. आणि सैल पडावयाचा झाला म्हणजे तो कॅल्शियम त्वरेने उचलून बाजूला ठेवणारे कोणी तरी असावे लागते. माशाच्या पांढऱ्या, झटकन हालचाल करणाऱ्या मांसात हे काम पार्व्हाल्ब्युमिन करते. शेपटीचा फटकारा मारून लगेच दुसऱ्या फटकाऱ्यास सिद्ध होण्याची जी चपळाई माशाजवळ असते, तिच्यात याचा मोठा वाटा आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. पांढऱ्या मांसात ते अधिक आणि लालसर, काळपट मांसात कमी. आणि जातीजातींत त्याचे प्रमाण अतिशय भिन्न. युरोपात मोजदाद झाली तेव्हा टुनाच्या, म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या कुळातील माशाच्या, एका ग्रॅम मांसात ते ०.०५ मिलिग्रॅमहूनही कमी भरले, तर कार्पच्या एका ग्रॅममध्ये अडीच मिलिग्रॅमच्या वर. कार्प म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आपला सायप्रिनसच. आणि रोहू, कटला, मृगळ हे त्याचेच कुळबंधू. तेव्हा कराडच्या माणसाने ‘समुद्राचा मासा जड, नदीचा हलका’ या समजुतीवर विसंबून वावड्याच्या रोग्यास तळ्यातला मासा देऊ नये. ज्या माशांत हे प्रथिन भरपूर आढळते त्यांच्या पहिल्या पंक्तीत त्याची जागा आहे.

योगायोग असा की, या प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रथम उलगडली तीही याच सायप्रिनसच्या स्नायूवरून. १९७३ साली क्रेटसिंगर आणि नॉकोल्ड्स या अमेरिकेतील संशोधकांनी त्याच्या स्फटिकांवर क्षकिरण टाकून ती प्रसिद्ध केली. एकशे आठ अमिनो आम्लांची ही साखळी सहा ठिकाणी मळसूत्रासारखी पिळलेली आहे, आणि त्या सहा पिळांना ए, बी, सी अशा क्रमाची इंग्रजी अक्षरे देण्यात आली. पिळांच्या जोड्या तीन. पैकी दोन जोड्यांच्या मधल्या वळणात प्रत्येकी एक कॅल्शियमचा अणू पकडला जातो, आणि पहिली जोडी, जिने ही पकड कधीच गमावली आहे, ती उरलेल्या दोहोंच्या पोटाशी झाकणासारखी बसून आतला तेलकट, पाण्यास विन्मुख भाग पाण्यापासून राखते. पिळ, वळण, पिळ या योजनेला क्रेटसिंगर यांनी ‘ईएफ हस्त’ असे नाव दिले, कारण शेवटच्या, म्हणजे ई आणि एफ या, जोडीतील दोन पिळांची ठेवण ताणलेली तर्जनी आणि अंगठा यांसारखी दिसते. हेच नाव आज जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे, आणि कॅल्शियमशी व्यवहार करणाऱ्या शेकडो प्रथिनांत, आपल्या स्वतःच्या देहातल्यासुद्धा, तीच मूठ आढळली आहे.

स्थैर्याचे मर्म या दोन अणूंत आहे. कॅल्शियम जागेवर असेतो साखळी आवळून, घट्ट, एकजीव राहते. तो काढून घेतला, आणि प्रयोगशाळेत कॅल्शियम शोषून घेणारी द्रव्ये घालून तो काढता येतो, की घडण सैल पडते, थोड्याशा उष्णतेनेही ढासळते, आणि रोग्याच्या प्रतिपिंडांना ती पूर्वीइतकी ओळखू येत नाही. कारण प्रतिपिंडे नुसती अक्षरे वाचीत नाहीत, घडीतून उमटणारा चेहरा पाहतात. कॅल्शियम असताना मात्र तेच प्रथिन, जातीपरत्वे कमीअधिक, ८० अंश सेल्सियसच्या पुढेही टिकते. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, ही मौजेची बाब. पण घटकाभर असे समजू की, उकळत्या रश्श्यात काही साखळ्या उलगडल्याच, तरी रस्सा निवू लागला म्हणजे त्या पुष्कळशा पूर्ववत घडी घालून बसतात. अंड्याच्या पांढऱ्या भागाचे तसे नाही. ते एकदा थिजले की पुन्हा पातळ होत नाही, आणि म्हणूनच अंड्याचे वावडे असलेल्या कित्येक मुलांना केकमध्ये भाजलेले अंडे चालून जाते. ही सवलत माशाला लागू करू नये. अंड्याचा अनुभव माशावर चालविण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते, म्हणून हे मुद्दाम नोंदवितो.

वावड्याचा इतिहासही हेच सांगतो. १९२१ साली ब्रेस्लाऊ येथे प्राउसनिट्झ आणि क्यूस्टनर या दोन वैद्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. क्यूस्टनर यांना माशाचे वावडे होते. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउसनिट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच ज्यास कधी वावडे नव्हते त्याच्या अंगावर गांध उठली. वावडे रक्तातून वाहणाऱ्या कोणत्या तरी घटकामुळे होते याची ही पहिली प्रायोगिक साक्ष; पुढे १९६६-६७ मध्ये तो घटक म्हणजे ‘आयजीई’ जातीचे प्रतिपिंड असे निश्चित झाले. आपल्या कामाची गोष्ट ही की, क्यूस्टनर यांना शिजविलेल्या माशाचीच बाधा होत असे, कच्च्या माशाच्या अर्काने त्यांच्या कातडीवर काही उठत नसे. शिजविल्याने वावडे जाते, या समजुतीला शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्याच दाखल्याने छेद दिला होता. पुढे कॉड नावाच्या उत्तर समुद्रातील माशापासून पार्व्हाल्ब्युमिन वेगळे काढून त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम १९७५ साली जुळविला गेला, त्याचे श्रेय मुख्यतः नॉर्वे-स्वीडनमधील संशोधकांचे.

आता स्वयंपाकघराकडे. पार्व्हाल्ब्युमिन पाण्यात सहज विरघळते. एवढ्या एका गुणावरून घरातील अर्ध्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. ‘तुकडा नको, नुसता रस्सा वाढा’ असे सांगणारा पाहुणा, किंवा ‘तुकडी काढून घेतली आहे, रस्सा खा’ असे म्हणणारी मायाळू आत्या, दोघेही मोठी चूक करीत असतात. तुकडीतून सुटलेले प्रथिन रश्श्यातच उतरलेले असते, आणि संवेदनशील माणसाला काही मिलिग्रॅम पुरतात. याच गुणामुळे कारखान्यांत माशाचे बारीक केलेले मांस पुनःपुन्हा धुऊन लगदा करतात तेव्हा त्यातील पार्व्हाल्ब्युमिन पुष्कळ कमी होते. पण त्यावरून हळद-मीठ चोळून चार पाण्यांत धुतलेल्या तुकड्या निर्धोक झाल्या असे अनुमान काढणे गैर होय, कारण अख्ख्या तुकडीच्या आत पाणी शिरत नाही. हळद-मीठ वासासाठी आणि चवीसाठी चोळावे, वावड्यासाठी नव्हे.

आमसूल आणि चिंच यांची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. तीव्र आम्लात कॅल्शियम सुटतो, हे रसायनशास्त्राने खरे. जठरातील आम्ल आणि पेप्सिन यांच्या संयुक्त हल्ल्यात या प्रथिनाचे तुकडे होतात, तेही बरेचसे खरे. परंतु रश्श्याचा आंबटपणा तितका तीव्र नसतो, आणि जठरात पोहोचण्यापूर्वी घास ओठ, जीभ व घसा यांना लागून गेलेला असतो. कित्येकांची पहिली लक्षणे तेथेच उमटतात. उलट येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी आमच्या भागातील तिखट जेवणाच्या शौकीनांना आवडणार नाही: आम्लपित्तावरील जठराम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्याचे जठर या प्रथिनास नीट तोडू शकत नाही, आणि व्हिएन्ना येथील संशोधकांनी माशाच्याच बाबतीत दाखवून दिले आहे की, अशा स्थितीत वावडे बळावण्याचा व नवे वावडे जडण्याचाही धोका वाढतो. माशाचे वावडे असलेल्याने आम्लपित्ताची गोळी मनाने चालू ठेवू नये, आणि डॉक्टरांनी दिली असल्यास वावड्याची माहिती त्यांच्या कानावर घालावी.

तळण्याचे तेल, तवा, उलथणे आणि कढई यांचा प्रश्न खानावळीत सर्वांत अवघड होतो. ज्या तव्यावर सुरमई भाजली त्याच तव्यावर चपाती, आणि ज्या तेलात तुकडी सोडली त्याच तेलात भजी. अशा ठिकाणी ‘मी मासा मागविला नाही’ हे पुरेसे उत्तर नाही. तवा आणि तेल यांची चौकशी स्पष्ट शब्दांत, लाज न बाळगता करावी. घरी वावडे असलेला मनुष्य असेल तर माशाचा तवा, कढई व चिरण्याची विळी स्वतंत्र ठेवावी. वाफेबरोबर या प्रथिनाचे सूक्ष्म कण उडतात, म्हणून मासा शिजत असताना विशेषतः दमेकरी रोग्याने स्वयंपाकघरात थांबू नये. माशांच्या दुकानात बर्फाचे पाणी अंगावर उडून गांधी उठलेली माणसेही असतात. चायनीजच्या गाड्यांवरील काही सॉस, विशेषतः वर्सेस्टरशायर, माशापासून केलेले असतात, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पाकीटबंद मालाच्या बाबतीत मात्र सोय आहे: भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार मासा आणि कवचधारी जलचर ही दोन्ही नावे पाकिटावर वावड्याच्या पदार्थांत निराळी छापणे बंधनकारक आहे. दोन्ही वाचावीत, एक वाचून दुसरे गृहीत धरू नये.

कोणता मासा चालेल, हा प्रश्न प्रत्येक रोगी विचारतो. पार्व्हाल्ब्युमिनची ठेवण बहुतेक काटेरी माशांत इतकी सारखी असते की, एकाचे वावडे असलेल्यास दुसऱ्याचे असण्याचा संभव मोठा; रोहू बाधला आणि कटला चालला, अशी अपेक्षा धरण्यास तर काहीच आधार नाही. तरीही काही माणसे एका जातीवर उठतात आणि दुसरी सुखाने खातात. मोरी आणि पाकट यांसारख्या कूर्चेच्या माशांत या प्रथिनाचा दुसरा प्रकार असतो, आणि त्याची बाधा कमी जणांना होते. टुनाच्या डबाबंद तुकड्या, दाबाखालील दीर्घ उष्णतेमुळे आणि मुळातच प्रथिन अल्प असल्यामुळे, कित्येक रोग्यांना चालतात. ही माहिती डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे. घरी प्रयोग करण्यासाठी नाही. ज्याला एकदा दम लागला आहे त्याने मोरीचा एक घास ‘चाखून’ पाहणे हा अविचार होय. माशाचे वावडे असलेल्या काही थोड्या रोग्यांना कोंबडीच्या मांसातील याच कुळाच्या प्रथिनाचाही उपद्रव होतो, म्हणून कोंबडीचा रस्सा खाल्ल्यावर घसा खाजत असेल तर तेही सांगावे. दूध आणि मासा एकत्र खाल्ल्याने अंगावर कोड उठते, ही समजूत मात्र निराधार आहे. तिच्या भयाने दूध वर्ज्य करणारे लोक खऱ्या वावड्याकडे दुर्लक्ष करतात याचे मला नवल वाटते.

निदानाची वाट अशी. प्रथम इत्यंभूत हकीकत: कोणता मासा, ताजा की सुका, किती, कसा केला, किती वेळाने काय झाले, बरोबरच्यांना काय झाले, त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती. ही हकीकत त्रास झाला त्याच संध्याकाळी लिहून ठेवावी, कारण महिन्याने स्मरणात फक्त भीती उरते, तपशील उरत नाही. त्यानंतर कातडीवर सुईच्या टोकाने घेतली जाणारी चाचणी, प्रसंगी घरून नेलेल्या त्याच माशाचा उपयोग करून. व रक्तातील माशाविरुद्धच्या आयजीईची मोजणी, जीत कॉड अथवा कार्पच्या पार्व्हाल्ब्युमिनची स्वतंत्र तपासणीही आता होते. कातडीच्या चाचणीपूर्वी काही दिवस पित्ताच्या पुरळावरील गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, त्याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्यावे. शंका उरली तर रुग्णालयात, तातडीच्या उपचारांची सिद्धता ठेवून, मासा चढत्या प्रमाणात खावयास देण्याची परीक्षा हाच अखेरचा निवाडा. कराडात कृष्णा रुग्णालय आणि वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय ही मोठी रुग्णालये आहेत. यांपैकी कोणती परीक्षा कोठे होते याची आधी चौकशी करावी, व तेथे नसेल ती पुणे-मुंबईस करून घ्यावी. जाहिरातीतून विकल्या जाणाऱ्या, शंभर-दोनशे पदार्थांची यादी एका दमात तपासून देणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्यांवर पैसा घालवू नये. आयजीजी असणे म्हणजे तो पदार्थ खाल्ल्याची खूण, वावड्याची नव्हे. नुसती आयजीई सापडली, पण मासा खाऊन कधी काही झाले नाही, अशा माणसाचा मासा केवळ कागदावरून तोडणेही उचित नाही.

तातडीच्या वेळी काय करावे हे घरातील प्रत्येकास पाठ असावे. अंगावर थोड्या गांधी, एवढेच असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी चालेल. पण आवाज घोगरा होणे, घसा आवळणे, धाप लागणे, घेरी येणे, अथवा गांधींबरोबर वारंवार उलट्या, यांपैकी काहीही दिसताच औषध एकच: ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. त्याचे प्रमाण वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, आणि प्रौढास एका वेळी ०.५ मिलिग्रॅमहून अधिक नाही. हे प्रमाण रोग्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि ते कोण टोचणार हेही मुकरर असावे. विदेशात मिळते तशी आपोआप टोचणारी लेखणी आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून औषधाची कुपी व सुई यांची तजवीज आणि ती वापरण्याचे शिक्षण यांविषयी डॉक्टरांना आग्रहाने विचारावे. रोग्यास आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवीत नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाटण खोऱ्यातील एखाद्या वाडीवरून कराड गाठावयास तास लागत असेल, तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता धरावा; तेथे ॲड्रेनलिन आहे का, याची खात्री मात्र सवडीच्या दिवशी करून ठेवलेली असावी. त्रास उतरला तरी काही तासांनी तो पुन्हा उसळू शकतो, म्हणून लगेच घरी परतण्याची घाई करू नये. गोळी दिली आणि बरे वाटेल म्हणून ॲड्रेनलिन लांबणीवर टाकले, ही या व्याधीतील सर्वांत घातक दिरंगाई होय.

वावडे घालविणारे औषध आज बाजारात नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी २००७ साली कार्पच्या पार्व्हाल्ब्युमिनमधील कॅल्शियम धरणाऱ्या दोन्ही जागा मुद्दाम बिघडवून, घडण ढिली पडलेले आणि म्हणून प्रतिपिंडांना न ओळखू येणारे प्रथिन तयार केले, व पुढे युरोपात त्याच्या लसीचे प्रयोग माणसांवरही झाले. कल्पना सुंदर आहे, परंतु अद्याप ती दवाखान्याच्या कपाटापर्यंत आलेली नाही. तोवर मासा सोडल्याने आहारात पडणारी उणीव भरून काढावी: जवसाची चटणी आपल्याकडे परंपरेनेच आहे, अक्रोड आहेत, दूध व अंडी आहेत. माशाच्या तेलाच्या कुप्यांत प्रथिन अल्प असले तरी त्या विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

दुधाचे वा अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांचे मोठेपणी ओसरते. माशाचे तितक्या प्रमाणात ओसरत नाही, पण मुळीच ओसरत नाही असेही नाही. म्हणून लहान मुलाची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा करावी, आणि परीक्षेअंती डॉक्टरांनी मोकळीक दिली तर ‘मासा चालेल’ एवढ्या मोघम शब्दांवर समाधान मानू नये. माशाचे नाव, तो उकडलेला की डबाबंद, एका वेळी किती तुकडा आणि आठवड्यातून किती वेळा, हे सारे चिठ्ठीवर लिहून मागावे, आणि त्या चिठ्ठीची एक प्रत शाळेत व एक मुलाच्या आजोळी द्यावी.